निजामाच्या नावातलं वऱ्हाड: एका किताबाचं प्रकरण

२४ ऑक्टोबर १९३६ रोजी ब्रिटिश सरकार आणि हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यात एक करार झाला आणि निजामांचा किताब लांबला. 'हिज एक्झॉल्टेड हायनेस द निजाम ऑफ हैदराबाद' याच्यापुढे 'अँड बेरार' लागलं. गादीच्या वारसासाठी 'हिज हायनेस द प्रिन्स ऑफ बेरार' असा नवा किताब निघाला. बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे त्या वेळचे चार जिल्हे.

या चार जिल्ह्यांत तेव्हा निजामाचा एक तहसीलदारसुद्धा नव्हता. सारा वसूल करायचे इंग्रजांचे अधिकारी, कोर्ट-कचेऱ्या आणि पोलीस चालायचे नागपूरच्या हुकमावर. कारभार इंग्रजांच्या हाती असण्याची ही स्थिती ८३ वर्षं जुनी होती. मग जो मुलूख केव्हाच हातातून गेला, त्याचं नाव किताबात आणण्यासाठी एवढा खटाटोप कोणी आणि कशासाठी केला? संस्थानी हिंदुस्थानात वंशपरंपरागत किताब कसा चालायचा, कशाच्या बदल्यात मिळायचा आणि कधी निरुपयोगी व्हायचा, हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण मला दिसत नाही.

किताब आधी की मुलूख आधी

निजाम घराण्याचा मूळ पुरुष मीर कमरुद्दीन खान. फर्रुखसियर बादशहाने १७१३ मध्ये त्याला 'निजाम-उल-मुल्क' केलं आणि दख्खनच्या सहा सुभ्यांचा कारभार दिला. हा अधिकाऱ्याचा किताब होता, राजाचा नव्हे. आज दिला, उद्या काढून दुसऱ्याला दिला, असा. पुढे दिल्लीतल्या राजकारणाला कंटाळून तो दख्खनेत परतला, तेव्हा मुहंमदशहा बादशहाने हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान याला आतून चिथावून त्याच्या अंगावर घातलं. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी दोघांची गाठ पडली ती साखरखेर्ड्याला. हे गाव आज बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेड राजा तालुक्यात आहे. मराठ्यांची मदत निजामाच्या बाजूने होती. मुबारिझ खान मारला गेला. दुसऱ्या वर्षी बादशहाने, जणू काही झालंच नाही अशा थाटात, विजेत्याला 'आसफजाह' हा किताब पाठवून दिला.

म्हणजे निजामशाहीचा पाया घातला गेला तो हैदराबादला नव्हे, वऱ्हाडात. आणि तिथे क्रम असा होता: आधी मुलूख तलवारीने मिळवला, मग त्यावर किताबाचं शिक्कामोर्तब झालं. १९३६ मध्ये हा क्रम नेमका उलटा झाला.

किताब वंशपरंपरेने चालतो म्हणजे तो आपोआप चालतो असं मात्र नाही. १७४८ मध्ये पहिला आसफजाह वारल्यावर नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग असे तिघे एकामागून एक गादीवर बसले. पहिले दोघे मारले गेले, तिसऱ्याला त्याच्याच भावाने, निजाम अलीने, कैदेत टाकलं. पण आसफजाहांच्या क्रमांकात हे तिघे धरतच नाहीत. निजाम अली दुसरा आसफजाह. त्यामुळे उस्मान अली हे सातवे, प्रत्यक्षात गादीवर बसलेल्यांची मोजदाद केली तर दहावे. राज्य करणं वेगळं आणि किताबाचा धनी म्हणून मोजलं जाणं वेगळं, ही गोष्ट या घराण्याच्या वंशावळीतच लिहिलेली आहे. वरच्या सत्तेने मान्यता दिली तरच माणूस मोजायचा. ती वरची सत्ता आधी दिल्लीची, पुढे कलकत्त्याची. १८१९ मध्ये अवधच्या नवाबाने इंग्रजांच्या पाठबळावर स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं. निजामाने ते केलं नाही. १८५७ पर्यंत त्याचं नाणं दिल्लीच्या बादशहाच्या नावानेच पडत राहिलं.

वऱ्हाड गेलं कसं

अठराव्या शतकात वऱ्हाडाला दोन धनी होते, निजाम आणि नागपूरकर भोसले. एकाच गावचा वसूल दोघांत वाटला जायचा. ही दोअमली रयतेच्या किती अंगाशी आली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १८०३ मध्ये इंग्रज आणि भोसले यांच्यात अडगावची लढाई झाली, पाठोपाठ गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा हक्क सोडला. इंग्रजांनी हा मुलूख आपल्या दोस्ताला, निजामाला, देऊन टाकला. वऱ्हाड असं सगळं निजामाचं झालं आणि ५० वर्षांत हातातून निसटलं.

निसटण्याचं कारण हैदराबाद कंटिंजंट ही फौज. नाव निजामाचं, अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा, हुकूम रेसिडेंटचा, म्हणजे हैदराबादेतल्या इंग्रजांच्या प्रतिनिधीचा. पगार थकत गेले, इंग्रज सरकारने ते आपल्या तिजोरीतून भागवले आणि ते कर्ज म्हणून निजामाच्या नावावर चढत गेलं. १८५३ पर्यंत ही रक्कम ४० लाखांच्या वर पोचली. रेसिडेंट कर्नल लो तहाचा मसुदा घेऊन चौथे निजाम नासिरुद्दौला यांच्यासमोर गेला. नासिरुद्दौलांचं म्हणणं लोने स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याचा आशय असा, की दोन गोष्टी सार्वभौम राजाला लांच्छनास्पद असतात: वाडवडिलांचा मुलूख विनाकारण देऊन टाकणं आणि इमानी फौज मोडणं. आणि त्यांच्यापुढे ठेवलेले पर्याय जवळपास हेच दोन होते.

२१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले, कंटिंजंटच्या खर्चासाठी. शब्द जपून वापरले होते: मुलूख 'तोडून दिला' असं नाही, कारभार सोपवला. मालकी निजामाची, खर्च भागून जे उरेल तेही निजामाचं. दिवाण सिराजुल्मुल्क त्यानंतर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या जागी आलेला २४ वर्षांचा पुतण्या म्हणजे पहिले सालारजंग.

१८५७ च्या उठावात हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिलं, त्याचं बक्षीस १८६० च्या तहात मिळालं. ५० लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत आले, वर सुरपूर संस्थान मिळालं. वऱ्हाड तेवढं राहिलं. सालारजंगांनी पुढे आयुष्यभर त्यासाठी अर्ज-विनंत्या केल्या, १८७६ मध्ये थेट विलायत गाठली. काही उपयोग झाला नाही.

कारण मधल्या काळात वऱ्हाड हे पूर्वीचं वऱ्हाड राहिलं नव्हतं. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. मुंबईहून आगगाडी अकोला-बडनेऱ्यापर्यंत येऊन पोचली. खामगाव मुख्य मार्गापासून बाजूला पडत होतं, म्हणून जलंबहून खास फाटा काढला. १८७० मध्ये तो सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावात आले. एका कापूस-बाजारासाठी व्हाइसरॉय येतो, तो मुलूख कोण परत करील?

कर्झन आणि एक जुना विनोद

१९०२ च्या वसंतात लॉर्ड कर्झन हैदराबादला आले आणि सहावे निजाम महबूब अली खान यांना एकांतात भेटले. कर्झनचा मुद्दा एवढाच होता, की तहांप्रमाणे वऱ्हाड मागण्याचा हक्क निजामाला उरत नाही आणि पुढचा कोणी व्हाइसरॉय वेगळं सांगेल या आशेवर राहू नये. मग ५ नोव्हेंबरचा करार झाला. मालकी निजामाचीच असल्याचं पुन्हा एकदा मान्य केलं आणि वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतलं. खर्च भागून उरेल ते निजामाला, ही जुनी अट गेली. ती तशीही कागदावरच होती, कारण उरायचं किती हे खर्च करणारेच ठरवायचे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं.

त्याच वर्षी १ जानेवारीला महबूब अलींना जी.सी.बी. (ग्रँड क्रॉस ऑफ द बाथ) हा मानाचा किताब मिळाला. लगेच विनोद फिरला, की जी.सी.बी. म्हणजे 'गेव्ह कर्झन बेरार', कर्झनला वऱ्हाड दिलं. विनोद इंग्रजी आहे आणि तो इंग्रजांनीच मनमुराद चघळला, पण त्यात या सगळ्या प्रकरणाचं वर्म आलं आहे.

पुढे १९१८ मध्ये, महायुद्धात ओतलेल्या पैशांबद्दल, उस्मान अली खानांना 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' केलं गेलं. बाकी सगळे संस्थानिक नुसते 'हायनेस', हे एकटे वरचढ. सोबत 'ब्रिटिश सरकारचे विश्वासू दोस्त' ही पदवी. उस्मान अलींनी यातला 'दोस्त' शब्द गांभीर्याने घेतला. माझ्या मते त्यांची चूक झाली ती इथे.

बरोबरीचा दावा

१९२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना लांबलचक पत्र लिहून वऱ्हाड परत मागितलं. वडिलांनी १९०२ मध्ये दिलेली संमती दबावाखालची होती, हा मुख्य मुद्दा. वऱ्हाडच्या लोकांसाठी आमिषही होतं: मुलूख परत आला तर स्वायत्तता आणि जबाबदार राज्यपद्धती देऊ. मुख्य हैदराबादेत, जिथे खुद्द मराठवाडा त्यांच्या अंमलाखाली होता, तिथे अशा कशाचाच पत्ता नव्हता. वऱ्हाडच्या पुढाऱ्यांना हे दिसत होतंच, त्यामुळे या आमिषाला भुलणारे फारसे कोणी निघाले नाहीत.

नकार आला. पण निजाम थांबले नाहीत. सप्टेंबर १९२५ च्या पत्रात त्यांनी मांडलं, की परराष्ट्र व्यवहार सोडले तर अंतर्गत कारभारात आपण ब्रिटिश सरकारइतकेच स्वतंत्र आहोत, आणि वऱ्हाडचा वाद हा दोन सरकारांमधला वाद आहे. दोस्त म्हटलं आहे ना, मग दोस्तासारखं बसून बोलू, असा त्याचा सूर.

२७ मार्च १९२६ चं रीडिंग यांचं उत्तर संस्थानांच्या इतिहासात गाजलं. ब्रिटिश राजसत्तेचं सार्वभौमत्व हिंदुस्थानात सर्वोच्च आहे, म्हणून कोणत्याही संस्थानिकाला सरकारशी बरोबरीने वाटाघाटी करण्याचा दावा रास्तपणे करता येणार नाही, असं त्यात स्वच्छ सांगितलं होतं. आणि हे सर्वोच्चत्व केवळ तहांमधून आलेलं नाही, तहांच्या पलीकडचं आहे, हेही. एका वऱ्हाडासाठी विचारलेल्या प्रश्नाने सगळ्याच संस्थानिकांची हवा गेली. पाठोपाठ सरकार आणि संस्थानं यांचे संबंध तपासणारी बटलर समिती आली, तीही याच वळणावर गेली.

मग १९३६ मध्ये काय बदललं?

बदललं दिल्लीचं गणित. १९३५ च्या कायद्याने अखिल भारतीय संघराज्याची योजना मांडली आणि ती सुरू होण्यासाठी संस्थानांच्या एकूण लोकसंख्येपैकी निम्म्या लोकसंख्येची संस्थानं सामील व्हायला हवी होती. लोकसंख्येने सगळ्यात मोठं संस्थान हैदराबाद. दहा वर्षांपूर्वी ज्यांना खडसावलं, त्यांनाच आता चुचकारणं आलं.

दुसरी अडचण वऱ्हाडचीच होती. कायद्याच्या नजरेत वऱ्हाड हा परका मुलूख होता, ब्रिटिश इंडिया नव्हे. हा केवळ वकिली कीस नव्हता. १९१९ च्या सुधारणांनंतर मध्य प्रांताच्या कायदे कौन्सिलात वऱ्हाडचे सभासद येत ते निवडणूक जिंकून, पण तेवढ्याने ते सभासद होत नसत; निवडून आल्यावर गव्हर्नर त्यांची रीतसर 'नेमणूक' करायचा. अमरावतीच्या मतदाराने दिलेलं मत कायद्याने केवळ शिफारस. आता पूर्ण प्रांतिक स्वायत्तता द्यायची तर हा घोळ मिटवणं भाग होतं. म्हणून १९३५ च्या कायद्यात ४७ वं कलम खास वऱ्हाडासाठी घातलं गेलं. बेरारवर निजामाचं सार्वभौमत्व आहे, ही कबुली त्या कलमाच्या आरंभीच आहे. पुढे म्हटलं आहे, की निजामाशी करार होऊन 'मध्य प्रांत व बेरार' हा एकच प्रांत चालेल. आणि तसा करार झाला नाही किंवा होऊन संपुष्टात आला, तर कायद्यात जिथे 'मध्य प्रांत व बेरार' आहे तिथे फक्त 'मध्य प्रांत' वाचायचं. ही शेवटची पुस्ती लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येते.

हैदराबादतर्फे वाटाघाटींची धुरा सर अकबर हैदरी यांच्याकडे होती. गोलमेज परिषदांपासून ते यात मुरलेले. वऱ्हाड परत मिळणार नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी मिळण्यासारखं ते सगळं मागून घेतलं. किताब आणि वारसाचा किताब. वऱ्हाडात ब्रिटिश निशाणाच्या जोडीला निजामाचं निशाण. व्हाइसरॉयच्या संमतीने दरबार भरवण्याचा आणि वऱ्हाडच्या लोकांना किताब देण्याचा हक्क. नागपूरला आपला प्रतिनिधी. मध्य प्रांत व बेरारचा गव्हर्नर नेमण्याआधी निजामाचा सल्ला. शिवाय २५ लाख चालूच. यातलं पैशाचं कलम सोडलं तर कशानेही वऱ्हाडच्या एका शेतकऱ्याच्या साऱ्यात रुपयाचा फरक पडणार नव्हता.

'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब उघडच 'प्रिन्स ऑफ वेल्स'च्या धर्तीवर बेतलेला. तो ज्याला मिळाला तो थोरला मुलगा आझम जाह. १९३१ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात त्याचं लग्न दुर्रूशहवार यांच्याशी झालं होतं. त्या पदच्युत उस्मानी खलिफा दुसरे अब्दुल मजीद यांच्या कन्या. खिलाफत १९२४ मध्ये तुर्कस्तानने बरखास्त केली, खलिफा परागंदा झाले आणि निजाम त्यांना तनखा पाठवायचे. लग्न जमवण्यात मौलाना शौकत अली पुढे होते. तेव्हा १९३६ नंतर अशी स्थिती आली, की एका बरखास्त गादीची राजकन्या एका ताब्यात नसलेल्या मुलखाची 'प्रिन्सेस ऑफ बेरार' झाली. यावरून दुर्रूशहवार यांची थट्टा करावी असं मात्र नाही. त्या घराण्यातली सगळ्यात कर्तबगार व्यक्ती म्हणून हैदराबाद आजही त्यांचं नाव काढतं, आणि जुन्या शहरातलं मुलांचं हॉस्पिटल त्यांच्या नावाने आहे.

इंग्रजांना या सौद्यातून काय मिळालं? प्रांताचा घोळ मिटला, १९३७ मध्ये नागपूरला डॉ. ना. भा. खरे यांचं काँग्रेसचं मंत्रिमंडळ वऱ्हाडासकट कारभार करू लागलं. पण ज्या संघराज्यासाठी निजामाला चुचकारलं, ते झालंच नाही. संस्थानिक अटी घालत राहिले आणि १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर योजना गुंडाळून ठेवली गेली. किताब दिला गेला, मोबदला आला नाही. फसवणूक एकाच बाजूची झाली असं म्हणवत नाही ते यामुळे.

पुस्ती उलटली

१९४७ मध्ये ब्रिटिशांचं सर्वोच्चत्व संपणार आणि संस्थानांशी झालेले करारही त्यासोबत संपणार, हे ठरलं. मग ४७ व्या कलमातली ती पुस्ती आठवा: करार संपला तर 'बेरार' गळायचं. कागदाच्या हिशोबाने १५ ऑगस्टला वऱ्हाड निजामाकडे परत जायला हवं होतं! हैदराबादचं शिष्टमंडळ संस्थानचे पंतप्रधान छतारीचे नवाब यांच्या पुढारपणाखाली जुलैमध्ये दिल्लीला आलं, सोबत सल्लागार सर वॉल्टर मॉन्कटन, आणि त्यांनी माउंटबॅटन यांच्याकडे वऱ्हाडचा विषय काढला. ज्या किताबाला आतापर्यंत शोभेची वस्तू समजलं जात होतं, त्याच्या आधारे चार जिल्ह्यांवर दावा उभा राहिला. मुलखाविना दिलेला किताब निरुपद्रवी असतो, हा इंग्रजांचा अंदाज त्यांच्या पश्चात दुसऱ्यांना निस्तरावा लागला.

दिल्लीने हा दावा मानला नाही. आहे ती व्यवस्था चालू राहील एवढंच सांगितलं. वऱ्हाडात तर निजामाकडे परत जाण्याचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. तिथले पुढारी वेगळ्याच वाटाघाटीत होते. ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोल्यात काँग्रेसचे शंकरराव देव, वऱ्हाडचे ब्रिजलाल बियाणी आदींनी करारावर सह्या केल्या. विषय होता संयुक्त महाराष्ट्र आणि त्यात महाविदर्भाचा उपप्रांत. निजाम कायद्याचं कलम काढून बसले होते आणि ज्यांच्याबद्दल ते कलम होतं, ती माणसं भाषेच्या नकाशावर बोलत होती.

तरीही २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार भारताने केला तो 'हैदराबाद व बेरारचे निजाम' यांच्याशीच. सरदार पटेल आणि त्यांचे सचिव व्ही. पी. मेनन यांना नावावरून वाद घालायचा नव्हता, असं मला वाटतं. वेळ हवा होता. पुढच्या सप्टेंबरात पाच दिवसांची पोलीस कारवाई झाली आणि प्रश्न उरला नाही.

२६ जानेवारी १९५० ला अमलात आलेली मूळ राज्यघटना उघडून पाहा. कलम ३६६ मध्ये राजप्रमुखाची, म्हणजे माजी संस्थानी राज्याच्या घटनात्मक प्रमुखाची, व्याख्या आहे. हैदराबादपुरता राजप्रमुख म्हणजे राष्ट्रपतींनी 'हैदराबादचा निजाम' म्हणून मान्यता दिलेली व्यक्ती. बेरारचा उल्लेख नाही. आणि त्याच सुमाराला नागपूरच्या प्रांताचं नाव 'मध्य प्रांत व बेरार' जाऊन 'मध्य प्रदेश' झालं. एका हाताने किताबातून आणि दुसऱ्या हाताने प्रांताच्या नावातून, बेरार दोन्हीकडून गेलं. १९५६ मध्ये हैदराबाद राज्यच मोडलं. मराठवाडा आणि वऱ्हाड दोन्ही मुंबई राज्यात आले. निजामाची मराठी रयत आणि त्याची कागदोपत्री मराठी रयत, शंभर वर्षांनी एका राज्यात आली ती अशी, निजामाविना. ते 'राजप्रमुख' पदही त्याच वर्षी रद्द झालं.

उरला 'प्रिन्स ऑफ बेरार'. आझम जाह यांची कर्जं आणि उधळपट्टी वडिलांना सोसवेना. उस्मान अलींनी त्यांना डावलून नातवाला, मुकर्रम जाह यांना, वारस ठरवलं. वंशपरंपरेत बापाच्या हयातीत मुलाला गादी द्यायची तर वरच्या सत्तेची मान्यता लागते. १७४८ नंतरच्या भाऊबंदकीत ती दिल्लीहून यायची, आता ती पुन्हा दिल्लीहूनच आली, राष्ट्रपतींच्या सहीने. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी उस्मान अली वारले आणि मुकर्रम जाह आठवे निजाम म्हणून मान्य झाले. आझम जाह ऑक्टोबर १९७० मध्ये वारले. ज्या किताबाचा अर्थच 'पुढचा निजाम' असा होता, तो ३४ वर्षं मिरवून ते निजाम झालेच नाहीत. डिसेंबर १९७१ मध्ये २६ वी घटनादुरुस्ती झाली, तनखे बंद झाले आणि संस्थानिकांची मान्यता काढून घेतली गेली. त्यात हैदराबादचा किताबही गेला. बेरारचा त्याआधीच गेला होता.